गप्प झालेला ब्रेक

अमरावती
३ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,
नमस्कार.

मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही आणि बोललेलं तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पोस्टातून पाकीट आणून बसले आहे. काम तुमच्याकडेच आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात जन्मभर गॅरेज चालवलेला माणूस आमच्या नात्यात दुसरा कोण?

शिवमला जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. त्याची पांढरी गाडी तेव्हापासून ताडपत्रीखाली उभी होती. मी क्लास लावून चालवायला शिकले आणि जूनपासून नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात तपासणी विभागात लागले, हे आईने तुम्हाला कळवलं असेल. सुट्टी होईतो अंधार पडतो आणि कारखान्याची बस आमच्या भागात येत नाही. म्हणजे गाडी आहे तर नोकरी आहे.

दिवाळीनंतर ब्रेक झिजले म्हणून मिस्त्रीकडे नेली. त्याने पुढच्या दोन्ही चाकांना नवे पॅड टाकले. पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या वड्या. (हसू नका. नवीन शिकलेलं माणूस दिसेल त्याला शिकवतं.) तेव्हापासून ब्रेक लावला की गाडी अशी किंचाळते की माझेच कान किटले. मिस्त्री म्हणतो, "नवं हाये ताई, होते थोडं." थोडं म्हणजे किती, ते सांगत नाही.

खरी पंचाईत निराळी आहे. घरात आता मी आणि सासरे दोघंच. अंकुर भाऊजी दर रविवारी बाबांना भेटायला येतात. धाकटे असले तरी शिवमनंतर घरातलं सगळं तेच बघतात. त्यांचं आधीपासून म्हणणं की गाडी विकून टाकावी, वहिनींना कशाला तो ताप. आता आवाजाचं निमित्त मिळालं. चांदूर बाजारच्या एका ओळखीच्या माणसाला गाडी दाखवायचं त्यांनी ठरवूनही टाकलं आहे. आणि बाबा? त्यांच्या देखत एवढं बोलणं होतं, पण ते एक शब्द काढत नाहीत. त्यांच्याही मनात विकायचंच असावं.

मामा, मी गाडी सोडणार नाही. एवढा एक आवाज कसा घालवायचा ते सांगा, बाकीच्यांचं मी बघते.

तुमची,
आरती


अकोला
७ नोव्हेंबर

चि. आरती,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसणार नाही.

एवढं मोठं पत्र वाचून मला कळलं काय, तर गाडी ओरडते. कशी ओरडते ते कोण लिहिणार? माझ्या शेजारी टिनाचं शेड कोसळलं तरी मला आता पत्ता लागत नाही. तेव्हा आवाज ऐकायचं काम तुझं आणि समजायचं काम माझं. काचा खाली कर, गाणी बंद ठेव आणि दोन दिवस नीट कान दे. सकाळी गार गाडीला जास्त येतो की तापल्यावर? हळूच ब्रेक लावल्यावर की दाबून? एका चाकातून की दोन्हीतून? गाडी मागे घेताना येतो का? पेडल पायाखाली थरथरतं का? सगळं लिही. आवाज कागदावर उतरव, मग मी बोलतो.

मिस्त्रीचं "होते थोडं" मला मान्य नाही. मीही गिऱ्हाइकांना हेच सांगायचो, पण ते मला घरी जेवायला जायची घाई असली की.

आणि तुझ्या सासऱ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आहे का? खुशालराव घरचे कर्ते आहेत. कर्ता माणूस गप्प बसला की दुसरे बोलणारच. माझं नाव सांगून विचार त्यांना.

शेषराव


अमरावती
१० नोव्हेंबर

ती. मामा,

तुमचं पत्र आलं. आलेलं पत्र घरातल्या मोठ्या माणसासमोर मोठ्याने वाचायची आमच्याकडे रीत आहे. संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं आणि मिठाच्या गुळणीची ओळ आली तशी मी सरळ तुमच्या सहीवर उडी मारली. जरा बेताने लिहीत चला हो.

आता आवाज. दोन दिवस पहाटे रहाटगावच्या रस्त्यावर गाडी काढली. टिनाच्या पेटीवर खिळा ओढल्यासारखा, लांब आणि बारीक आवाज आहे. गार गाडीला जास्त. पाय हळूच ठेवला की येतो, जोरात दाबला की बंद. गाडी अगदी थांबायला आली की सगळ्यात मोठा. दोन्ही बाजूंनी येतो, पण डावीकडून अंमळ जास्त. मागे घेताना गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. पेडल थरथरत नाही. गाडी थांबते मात्र झकास, त्यात काही खोट नाही.

गल्लीच्या तोंडाशी ब्रेक लागला की शेजारच्या माणिकबाई घरातूनच ओरडतात, "आली वं आरती!" कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन कानावर हात ठेवून मला सलाम करतो. मीही करते. हसण्यावारी नेलं नाही तर रडू येईल, आणि रडायला मला वेळ नाही.

अंकुर भाऊजींचा माणूस तेवीस तारखेच्या रविवारी गाडी बघायला येणार आहे. तोवर काही तरी व्हायला हवं.

आरती


अकोला
१३ नोव्हेंबर

चि. आरती,

शाबास. असं वर्णन मला चांगल्या चांगल्या ड्रायव्हरांनी कधी दिलं नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. तुझी गाडी दीड-दोन वर्षं उभी होती. तेवढ्यात डिस्कवर गंज चढला आणि कडेला एक काठ तयार झाला. नवी वडी त्या खडबडीत काठावर घासते आणि थरथरते, तोच हा आवाज. त्यात तुझ्या मिस्त्रीने आळस केलेला दिसतो. नुसत्या वड्या बदलल्या आणि जुनं सगळं तसंच कोरडं बसवलं. कोरडं चाललं की लोखंड ओरडणारच. ग्रीस लावलं की गप्प होईल. त्याला सांग, ग्रीस लावल्याशिवाय चाक बसवायचं नाही. आणि डिस्क लेथवर घासून सरळ करून घे.

एक दिवसाचं काम आहे. त्यासाठी गाडी विकायची तर दात दुखला म्हणून जबडा विकावा लागेल. तुझ्या दिराला माझ्याकडून सांग.

शेषराव


अमरावती, कारखान्याचं कॅन्टीन
१८ नोव्हेंबर

मामा!

आवाज गेला!

शनिवारी तुमचं पत्र आलं, बाबांना वाचून दाखवलं. कामावर तपासणीची गर्दी आहे, येत्या शनिवारपर्यंत सुट्टी मिळणार नाही, म्हणून मिस्त्रीकडे जाता आलं नव्हतं. आणि काल सकाळी गल्लीच्या तोंडाशी ब्रेक लावते तर काय, गाडी मुकी. मला वाटलं माझेच कान गेले, तुमच्यासारखे. पुन्हा लावला, पुन्हा काही नाही. माणिकबाई दारात येऊन बघायला लागल्या की आज आरती गेली की नाही.

आजही तसंच. म्हणजे मिस्त्री म्हणाला ते खरंच होतं, चालून चालून वड्या आपोआप बसल्या. तुम्ही उगाच त्याला आळशी म्हणालात. पेडल पूर्वीपेक्षा थोडं जास्त दाबावं लागतं, पण त्याची सवय होईल.

मी बाबांना सांगितलं, "बाबा, गाडी गप्प झाली, आता रविवारी भाऊजी काय म्हणतील?" तर ते गालातल्या गालात हसले. कितीतरी महिन्यांनी हसताना पाहिलं त्यांना. पण बोलले नाहीतच.

मी आज इतकी खुश आहे मामा, की कॅन्टीनचा चहासुद्धा गोड लागतो आहे.

तुमची आरती


अकोला
२० नोव्हेंबर

आरती,

गाडी काढू नको. जिथे असेल तिथे उभी ठेव.

तुझं पत्र आत्ता मिळालं. शेजारच्या शालूला तुला फोन लावायला लावला, तू उचलत नाहीस. तुमच्याकडे कामावर मोबाइल जमा करून घेतात, हे विसरलो होतो. मेसेज टाकला आहे म्हणते. तरी हे लिहितो, शालू आत्ताच पोस्टात टाकेल.

ओरडणारा ब्रेक एका रात्रीत आपोआप गप्प होत नाही. त्याला कोणीतरी गप्प केलं आहे. आवाज जाणं आणि पेडल जास्त दाबावं लागणं, दोन्ही एकाच दिवशी झालं असेल तर डिस्कला तेल लागलेलं आहे. डिस्कला तेल म्हणजे ब्रेक नाही, हे मी तुला सांगायला हवं होतं. चाकाच्या आत हात कोणी घातला ते शोध, पण आधी गाडी उभी कर.

शेषराव


श्री. शेषरावजी यांना खुशालराव यांचा अमरावतीहून रामराम
२२ नोव्हेंबर

मला पत्र लिहायची सवय राहिली नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घ्या.

तुमचा फोनवरचा निरोप आरतीने पाहिला तेव्हा उशीर झालेला होता. गुरुवारी संध्याकाळी नांदगाव पेठेहून परत येताना पुढे कापसाची ट्रॉली होती. ट्रॉली हळू झाली, आरतीने ब्रेक दाबला, गाडी काही थांबेना. तिने हँडब्रेक ओढला म्हणून वेग कमी झाला आणि गाडी ट्रॉलीच्या मागच्या फळीवर जाऊन आदळली. समोरचा पत्रा आणि एक दिवा गेला. आरतीला लागलं नाही. ट्रॉलीवाला भला माणूस होता, त्यानेच तिला पाणी दिलं आणि गाडी बाजूला लावून दिली. मिस्त्रीने गाडी ओढून आणली.

तेल मी घातलं शेषरावजी.

तुमचं पत्र आरतीने वाचून दाखवलं. त्यात कोरडं आहे म्हणून ओरडते, ग्रीस लावलं की गप्प होईल असं होतं. मी आयुष्यभर बैलगाडी हाकली. चाक कुरकुरलं की आमच्याकडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी कण्याला वंगण घालायचे आणि सकाळी गाडी मुकाट चालायची. मला वाटलं, तुम्ही तेच लिहिलं आहे. आरतीला सुट्टी मिळत नव्हती, रविवार जवळ येत होता. घरात लांब नळीची तेलाची कुपी आहे. रविवारी संध्याकाळी चाकाच्या भोकांतून नळी आत घातली आणि ती चकाकणारी तबकडी दिसली, तिच्यावर थोडं थोडं सोडलं. सोमवारी आवाज बंद झाला. पोरगी हसत घरी आली. मग बुधवारी पुन्हा घातलं, आणि या वेळी हात सैल सोडून घातलं. गुरुवारी सकाळी रस्ता मोकळा होता म्हणून निभावलं.

मिस्त्रीने तिला चाकातलं तेल दाखवलं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. अंकुर धावत आला तर त्याला म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं भाऊजी." कुपी कोनाड्यात होती, ती तिने उचलून माळ्यावर ठेवली, मी पाहिलं.

तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मी तोंडात मिठाची गुळणी धरली आहे. आरतीने ती ओळ गाळली, पण कागद टेबलावरच होता आणि मला वाचता येतं. तुमचं खरं आहे. एक मुलगा गेला, उरलेल्याला दुखवायचं माझ्याने होत नाही. अंकुर म्हणाला विकू, तर नको म्हणायला जीभ वळत नव्हती. पण आरतीच्या गाडीचा आवाज गल्लीत आला की मी चहाचं आधण ठेवतो. दिवसभर ओसाड पडलेलं घर तेव्हा भरतं. ती गाडी जावी असं माझ्या मनात कधी नव्हतं. तोंडाने सांगता येईना म्हणून हाताने करायला गेलो आणि पोरीचा जीव घेतला असता.

उद्या रविवारी चांदूर बाजारचा माणूस येतो आहे. उद्या मी बोलणार. जमेल की नाही माहीत नाही, पण बोलणार. गाडी राहिली तर पुढे काय करायचं ते मला कळवा, आणि या वेळी माझ्यासारख्याला समजेल असं लिहा.

आपला,
खुशालराव


अकोला
२५ नोव्हेंबर

खुशालरावजी,

तुमचं पत्र हातात पडेतो रविवार होऊन गेला. गाडी विकली असेल तर हा कागद फाडून टाका. नसेल तर आरतीला द्या आणि तिच्याकडून पुन्हा मोठ्याने वाचून घ्या, एकही ओळ न गाळता.

चूक तुमची एकट्याची धरू नका. ग्रीस लाव असं मी लिहिलं, कुठे लाव ते लिहिलं नाही. माझ्या मनात मिस्त्री होता, ऐकणारे तुम्ही होतात. शालू सांगते की तुमचं पत्र वाचलं त्या संध्याकाळी मी तिच्या दारात इतक्या मोठ्याने रडलो की सगळे जमा झाले. मला तर वाटलं होतं मी मनातल्या मनात रडतो आहे.

आता समजेल असं लिहितो. डिस्क आणि वडी एकमेकींना घासतात म्हणून गाडी थांबते. तिथे तेलाचा थेंबही चालत नाही, ती जागा हाडासारखी कोरडी हवी. त्या तेल प्यायलेल्या वड्या फेकून द्या. पुसून, तापवून वापरू म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या दारात उभे राहू नका. नव्या आणा. सोबत त्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणि वडीच्या पाठीमागचा पातळ पत्राही नवा आणा. डिस्क लेथवर सरळ करून, ब्रेक धुवायचा फवारा मिळतो त्याने लख्ख धुवा. ग्रीस ब्रेकचंच, वेगळं मिळतं, आणि तेही दोनच ठिकाणी बोटभर: वडीच्या पाठीला, जिथे ती ढकलली जाते, आणि ज्या पिनांवर तो सगळा सांगाडा मागेपुढे सरकतो त्या पिनांना. बस. वडीच्या तोंडाला नाही, डिस्कला तर नाहीच नाही.

आरती, तू तिथे उभी राहा. उभी राहा म्हणजे बाकावर बसून मोबाइल बघू नको. एक चाक तू स्वतःच्या हाताने कर. नंतर मोकळ्या रस्त्यावर गाडी बऱ्यापैकी वेगात ने आणि हळूहळू ब्रेक लावत कमी कर. पूर्ण थांबवू नको, पुन्हा पळव, मध्ये गार होऊ दे. असं बरेचदा केलं की वडीला डिस्कची ओळख पटते. पहिले काही दिवस थोडा बारीक आवाज आला तर येऊ दे. आता आवाजाला घाबरायचं नाही, आवाज गेला तर घाबरायचं.

शेषराव


अमरावती
३० नोव्हेंबर

ती. मामा,

गाडी दारात उभी आहे. आधी हे सांगते, मग बाकीचं.

त्या रविवारी चांदूर बाजारचा माणूस आला. संत्र्यांचा व्यापारी, स्वभावाने बरा. फुटलेला दिवा बघून तो भाव पाडायला लागला आणि भाऊजी म्हणाले, "घेऊन जा बाप्पा, घरातली पीडा जाऊ द्या." मी दारात उभी होते. मी ठरवून ठेवलं होतं की या माणसासमोरच सांगायचं, गाडी मी देणार नाही. तोंड उघडणार तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले, काठी न घेता अंगणात गेले आणि गाडीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

"गाडी विकाची नाही," ते म्हणाले.

भाऊजी म्हणाले, "बाबा, परवा काय झालं पाहलं ना तुमी? वहिनीचं लक्ष नव्हतं म्हणून..."

"तिचं लक्ष होतं. ब्रेकवर तेल म्या टाकलं. तिले माहीत होतं, तरी तिनं माह्यावर नाव येऊ देलं नाही. आता सांग, कोनाले विकतं? गाडीले विकतं का मले?"

व्यापाऱ्याने चप्पल घातली, म्हणाला, "मी मंग येतो," आणि गेला. भाऊजी ओट्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्यांचा राग येत होता मामा, खरंच येत होता, तो तिथल्या तिथे गेला. म्हणाले, "दादा गेला तवा बाबाले मीच सांगतलं होतं. वहिनी, तुमाले काही झालं असतं तं अजून एकदा मी कसं सांगू?" मला वाटायचं, त्यांना बाईच्या हातात गाडी नको आहे. त्यांना नुसती भीती वाटत होती, आणि ती सांगता येत नव्हती म्हणून ते गिऱ्हाईक शोधत होते. या घरातली माणसं जे बोलायचं ते सोडून दुसरंच काही तरी करत बसतात. मीही त्यातलीच, "लक्ष नव्हतं" म्हणून मोकळी झाले.

मी भाऊजींना सांगितलं, "तुम्हाला भीती वाटते तर शेजारी बसा. पण गाडी मीच चालवणार, आणि नोकरी सोडणार नाही." गाडी बंद होती ते सगळे दिवस त्यांनीच मला दुचाकीवर नेलं-आणलं. थंडीत नांदगाव पेठेच्या रस्त्याने दोन दिवस गेल्यावर म्हणाले, "वहिनी, हे रोज कसं जमन? गाडीच बरी."

तुमचं पत्र आलं, बाबांनी समोर बसून ऐकलं. रडण्याची ओळ मी गाळली नाही. मग शुक्रवारी मी रजा टाकली. मिस्त्री म्हणाला, "ताई, तुमी घरी जा, संध्याकाळी या." मी म्हटलं, मामांचा हुकूम आहे. डिस्क लेथवरून आणली, धुतली, डावं चाक मी केलं. पिना इतक्या गंजल्या होत्या की एक काढायला दोघांना नाकी नऊ आले. तुम्ही सांगितलेला पातळ पत्रा जुन्या वड्यांना नव्हताच, म्हणजे तो आळशी हे खरं. तसं तोंडावर म्हटलं तर हसला आणि म्हणाला, "तुमचे मामा इथंच बसून पाहून राहिले काय?" ग्रीसचं बोट वडीच्या तोंडाकडे जायला लागलं की मी हात झटकन मागे घ्यायची. नखं अजून काळी आहेत, कारखान्यात पांढऱ्या कापडाला हात लावायची मला दोन दिवस बंदी आहे.

काल पहाटे भाऊजींना शेजारी बसवून रहाटगावच्या पुढे गेले. तुम्ही लिहिलं तसं पळवली, कमी केली, पळवली, कमी केली. सुरुवातीला भाऊजींचा उजवा पाय माझ्याबरोबर जागच्या जागी ब्रेक दाबत होता. परत येताना दाबायचा थांबला.

अजून अगदी बारीक आवाज येतो सकाळी. मला तो आता आवडतो.

पुढच्या रविवारी आम्ही अकोल्याला येतो आहोत. मी आणि बाबा, दोघंच. भाऊजी येतो म्हणत होते, मी नको म्हटलं.

तुमची,
आरती


अकोला
८ डिसेंबर

चि. आरती,

काल तुम्ही पोचलात, जेवलात आणि उजेड आहे तोवर निघालात, हे बरं केलंस. तुझ्यासमोर जे सांगता आलं नाही ते लिहितो. मी तरी कुठे वेगळा आहे.

तू मला गाडीतून मोर्णा नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणलंस तेव्हा मी दाराच्या पत्र्याला तळहात लावून बसलो होतो. तुला वाटलं असेल म्हातारा घाबरला. मला आता आवाज हातानेच कळतो. तू तीनदा ब्रेक लावलास आणि तिन्ही वेळा पत्रा स्थिर होता. काम पक्कं झालं आहे. तुझं चाक कोणतं आणि मिस्त्रीचं कोणतं, मला ओळखता आलं नाही.

मग तू आत ताटं घ्यायला गेलीस. अंगणात मी आणि खुशालरावजी दोघंच होतो. मी त्यांना विचारलं, त्या ट्रॉलीनंतर आज पहिल्यांदा तिच्या गाडीत बसलात, रस्त्यात भीती वाटली का? ते काही तरी बोलले. मी कानाला हात लावून दाखवला. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून पुन्हा सांगितलं, बहुधा ओरडूनच, कारण शालू खिडकीत आली. मला काही कळेना.

तेव्हा त्यांनी काय केलं असेल? टोपी काढून मांडीवर ठेवली, मान खुर्चीच्या पाठीवर टाकली, डोळे मिटले आणि तोंड उघडं ठेवून घोरायचं सोंग केलं. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि हाताने दाखवलं: अमरावतीपासून थेट इथपर्यंत.

पोरी, मी आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे ब्रेक केले. कोणी पैसे दिले, कोणी शाबासकी दिली. ज्याच्या हातून तुझा जीव जाणार होता तो माणूस तुझ्या भरवशावर रस्ताभर झोपून आला. एवढी मोठी पावती मला कधी कोणी दिली नाही, ती तुला मिळाली.

गाडी चालव.

तुझा मामा,
शेषराव